परदेशात गेल्यावर डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला शाळेची मदत कशी मिळवायची

आम्ही इंग्लंडला आलो तेव्हा मुलगी नऊ वर्षांची होती आणि तिच्या डिस्लेक्सियाचा, म्हणजे वाचन आणि स्पेलिंगमधल्या अडचणीचा, अठरा पानी रिपोर्ट माझ्या हँडबॅगेत होता. चेक-इनच्या बॅगेत तो टाकायची हिंमत झाली नव्हती. शाळेच्या पहिल्याच भेटीत मी तो टेबलावर ठेवला. समोरच्या बाईंनी चाळला, हसून परत दिला आणि म्हणाल्या, ‘आधी इंग्रजी जरा रुळू दे, मग बघू.’ मुलगी बालवाडीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेली. पण प्रवेशाच्या फॉर्मवर ‘घरी बोलली जाणारी भाषा’ या रकान्यात मी ‘मराठी’ लिहिलं होतं, आणि पुढची दोन सत्रं त्या एका शब्दात गेली.

आज मागे वळून बघताना चूक कुठे झाली ते कळतं. मला वाटत होतं, निदान झालंय, आता फक्त दाखवायचं. पण निदानाचं नाव सीमा ओलांडून फारसं चालत नाही. मुलाला नेमकं कुठे अडतं, काय दिल्यावर सुटतं, हे लिहिलेला कागद चालतो. पुढचं सगळं त्या कागदाभोवतीचं आहे.

निघण्यापूर्वी: फाइल

सामान बांधण्याच्या धांदलीत हे मागे पडतं, पण हे काम मायदेशात असतानाच उरकायचं. परदेशातून फोन करून जुन्या शाळेकडून कागद मागवणं म्हणजे सहा महिन्यांचा उद्योग.

रिपोर्ट आधी नीट वाचा. ‘बुद्ध्यांक चांगला, डिस्लेक्सिया आहे, सवलती द्याव्यात’ एवढ्यावर तो संपत असेल तर परक्या देशातल्या शाळेला त्यातून काही कळणार नाही. मानसतज्ज्ञांना सांगून त्यात या गोष्टी घालून घ्या: प्रत्येक चाचणीचं पूर्ण नाव आणि आवृत्ती, प्रमाणित गुण आणि पर्सेंटाइल (त्याच वयाच्या शंभर मुलांत मूल कितव्या जागी बसतं ते), चाचणी कुठल्या भाषेत घेतली, आणि ध्वनींची जाण, शब्दवाचन, वाचनाचा वेग, स्पेलिंग, ऐकून समजणं यांचे वेगवेगळे निकाल. ‘दुसरीच्या पातळीवर वाचते’ हे वाक्य बाहेर निरुपयोगी, कारण त्यांची दुसरी आणि आपली दुसरी एक नाही. पर्सेंटाइल मात्र सगळीकडे समजतं. रिपोर्ट जुना असेल तर निघण्यापूर्वी पुन्हा करून घेण्याचा विचार करा. अमेरिकेत शाळाच साधारण दर तीन वर्षांनी फेरमूल्यमापन करतात, त्याहून जुन्या आकड्यांना फारसं वजन राहत नाही.

रिपोर्टच्या जोडीला आतापर्यंत काय मदत मिळाली त्याची नोंद हवी. ‘स्पेशल एज्युकेटरकडे जात होती’ असं मोघम नको. ‘आठवड्यातून तीनदा, पाऊण तास, ध्वनी आणि अक्षर जोडण्याच्या पद्धतीनं, अकरा महिने, आधी हे येत नव्हतं, आता येतं’ असं, शिक्षिकेच्या सहीनिशी. कान आणि डोळे तपासल्याचे कागदही ठेवा. नव्या शाळेचा पहिला प्रश्न बहुधा तोच असतो.

मग वह्या. सगळं दप्तर न्यायची गरज नाही, तारीख असलेली चार-पाच पानं पुरतात: एक स्वतःच्या मनानं लिहिलेलं, एक फळ्यावरून उतरवलेलं, एक श्रुतलेखन. माझ्या मुलीच्या एका पानावर ‘बिकॉज’ हा शब्द चार ठिकाणी आहे आणि चारही ठिकाणी स्पेलिंग वेगळं आहे. पुढे एका शिक्षिकेनं अठरा पानं बाजूला सारून ते एक पान दोन मिनिटं बघितलं. मूल मोठ्यानं वाचतानाचं एक-दोन मिनिटांचं रेकॉर्डिंगही करून ठेवा, मातृभाषेतलं आणि इंग्रजीतलं, दोन्ही.

आणि शेवटी अर्ध्या पानाचा भाषेचा इतिहास. कुठली भाषा केव्हापासून, घरात कोण काय बोलतं, शाळेत शिकवण्याची भाषा कुठली, लिहायला-वाचायला कुठल्या लिपीत आणि कुठल्या वयात शिकवलं. हे अर्धं पान माझ्याकडे असतं तर ती दोन सत्रं वाचली असती.

तिथला शब्द शोधा

प्रत्येक देशात मदतीचं दार वेगळ्या नावाचं असतं. ‘डिस्लेक्सियाची सोय आहे का?’ असं विचारलं की ऑफिसातला माणूस गोंधळतो. त्याच्या यंत्रणेतला शब्द वापरला की तो उठून योग्य माणसाकडे नेतो.

इंग्लंडमध्ये शब्द आहे ‘एसईएन सपोर्ट’, म्हणजे विशेष शैक्षणिक गरजांसाठी शाळेतली मदत, आणि माणूस आहे ‘सेन्को’. प्रत्येक सरकारी शाळेत विशेष गरजांचं काम बघणारा हा शिक्षक असतो. या कामाची २०१५ची सरकारी कार्यसंहिता सांगते की गरज ओळखा, योजना करा, राबवा, पुन्हा तपासा, आणि अशा मुलांच्या पालकांशी वर्षातून किमान तीनदा बसून बोला. मुद्द्याची गोष्ट ही की या मदतीसाठी निदान लागत नाही. मूल मागे पडतंय हे दिसलं की शाळेनं हालचाल करायची. ‘सर्टिफिकेट आणा, मग बघू’ असं कुणी म्हटलं तर ते नियमाला धरून नाही. गरज फारच मोठी असेल तर स्थानिक कौन्सिलकडे ईएचसी प्लॅनसाठी (शिक्षण, आरोग्य आणि देखभाल यांची एकत्र योजना) मूल्यमापन मागता येतं, पालक स्वतः अर्ज करू शकतात. मूल्यमापन करायचं की नाही हे सहा आठवड्यांत कळवायचं आणि सगळी प्रक्रिया वीस आठवड्यांत संपवायची असा नियम आहे. प्रत्यक्षात उशीर होतो. नुसता डिस्लेक्सिया असलेल्या बहुतेक मुलांचं काम एसईएन सपोर्टवरच भागवलं जातं, तेव्हा सगळी शक्ती प्लॅनमागे घालवण्यापूर्वी शाळेतली मदत नीट बांधून घ्या. स्कॉटलंड आणि वेल्सचे कायदे वेगळे आहेत, शब्दही वेगळे.

व्हिसाची भीती इथेच काढून टाकू. ‘सार्वजनिक निधीचा लाभ नाही’ असा शेरा पाहून बरेच पालक शाळेकडे काही मागतच नाहीत. सरकारी शाळेतलं शिक्षण आणि तिथली विशेष मदत त्या निधीत मोडत नाही. अपंगत्वासाठीचा रोख भत्ता, म्हणजे डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स, मात्र मोडतो. तो शेरा असेल तर त्याचा अर्ज सल्ल्याशिवाय करू नका.

अमेरिकेत विशेष शिक्षणासाठी ‘आयडिया’ नावाचा संघराज्याचा कायदा आहे आणि ‘स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटी’च्या व्याख्येत डिस्लेक्सियाचा उल्लेख आहे. तरीही काही शाळा तो शब्द टाळतात. २०१५ साली तिथल्या शिक्षण खात्यानं पत्र काढून स्पष्ट केलं की आयईपीमध्ये, म्हणजे त्या मुलासाठी केलेल्या वैयक्तिक शिक्षण योजनेत, डिस्लेक्सिया हा शब्द लिहायला कायद्याची आडकाठी नाही. पालकांनी मागितलेलं मूल्यमापन सरकारी शाळा मोफत करते. लेखी संमती दिल्यापासून ६० दिवस, किंवा राज्यानं ठरवलेली मुदत. विशेष शिकवणी हवी असेल तर आयईपी. शिकवणी नको, फक्त जादा वेळ किंवा ऑडिओसारख्या सवलती हव्या असतील तर १९७३च्या अपंगविषयक कायद्यातला ५०४ प्लॅन. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आयईपी नेला तर नवी शाळा तूर्त तशीच सेवा देते. परदेशातून आणलेल्या कागदाला ते कवच नाही. तो पुरावा म्हणून जोडायचा आणि नव्यानं अर्ज करायचा.

कॅनडात सगळं प्रांतावर. ऑन्टारिओमध्ये पालकांनी लेखी मागितलं की मुख्याध्यापकांना ‘आयपीआरसी’ या विशेष गरजा ठरवणाऱ्या समितीकडे प्रकरण न्यावंच लागतं. ऑस्ट्रेलियात १९९२चा भेदभावविरोधी कायदा आणि २००५ची शिक्षणविषयक मानकं खासगी शाळांनाही लागू आहेत, तिथला शब्द ‘रीझनेबल ॲडजस्टमेंट्स’, म्हणजे वाजवी फेरबदल. जर्मनीतही राज्यागणिक फरक. तिथे ‘एलआरएस’, म्हणजे वाचन-लेखनातली अडचण, आणि ‘नाखटाइल्सआउसग्लाइश’, म्हणजे उणीव भरून काढणारी सवलत, हे दोन शब्द पाठ करून जा. दुबईतल्या खासगी शाळांत अशा मुलांना ‘स्टुडंट्स ऑफ डिटर्मिनेशन’ म्हणतात आणि समावेशनाचे प्रमुख कोण ते विचारायचं.

घर ठरवण्यापूर्वी शाळा

सरकारी शाळा बहुतेक ठिकाणी पत्त्यावर मिळते, त्यामुळे भाडेकरारावर सही करण्यापूर्वी शाळा बघितली पाहिजे. इंग्लंडमधल्या सरकारी शाळांना विशेष गरजांविषयीचा अहवाल वेबसाइटवर टाकावाच लागतो. तो वाचा, पण तिथे सगळेच गोड लिहितात. खरं काय ते एका प्रश्नात कळतं: ‘वाचनात मागे असलेल्या मुलांना तुमच्याकडे कोण शिकवतं, आठवड्यातून किती वेळा, आणि कुठल्या पद्धतीनं?’ उत्तरात माणूस, वेळ आणि पद्धत तिन्ही आलं तर बरं. ‘आमच्याकडे प्रत्येक मूल खास असतं’ असं आलं तर पुढची शाळा बघा.

पद्धतीचं एवढं लक्षात ठेवा: ध्वनी आणि अक्षरं यांचा संबंध क्रमानं, उघड करून, भरपूर उजळणीसह शिकवणारी पद्धत हवी. चित्र बघून किंवा वाक्याच्या अंदाजानं शब्द ओळखायला लावणारी नको. डिस्लेक्सियाची मुलं अंदाज बांधण्यात आधीच पटाईत असतात.

खासगी आणि आंतरराष्ट्रीय शाळांत प्रवेशाआधी सगळं लेखी घ्या. वाचनाच्या तासाचे वेगळे पैसे आहेत का, किती, आणि मदत पुरेनाशी झाली तर मुलाला काढायला सांगतील का. रिपोर्ट लपवून प्रवेश घ्यायचा मोह होतो, मला समजतो. पण लपवलेली गोष्ट सहाव्या महिन्यात बाहेर येते आणि मग शाळा तुमच्याशी वकिली भाषेत बोलते.

विनंती लेखी

दारात उभं राहून वर्गशिक्षिकेशी झालेलं बोलणं हवेत जातं. पुढचं सगळं सुरू होतं ते तारीख असलेल्या पत्रापासून. ईमेल चालतो. शाळेच्या भाषेत, एवढाच मजकूर:

‘माझी मुलगी अमुक इयत्तेत आहे. तिला वाचन आणि स्पेलिंगमध्ये सतत अडचण येते. आधीच्या देशात अमुक साली डिस्लेक्सियाचं निदान झालं असून रिपोर्ट, वहीची पानं आणि भाषेचा इतिहास जोडला आहे. तिच्या गरजांचं मूल्यमापन करावं आणि मदतीची योजना ठरवण्यासाठी भेट द्यावी, ही विनंती. कृपया दहा दिवसांत लेखी कळवावं. मूल्यमापन करायचं नसेल तर कारणं लेखी द्यावीत.’

शेवटचं वाक्य गाळू नका. अमेरिकेत तर नकार दिला तर त्याची कारणं लेखी देणं शाळेवर बंधनकारकच आहे. पत्र वर्गशिक्षिका, मुख्याध्यापक आणि विशेष शिक्षणाचं काम बघणारी व्यक्ती, तिघांना पाठवा. रागाचं एकही वाक्य नको. हे पत्र दोन वर्षांनी तिसराच कुणीतरी वाचणार आहे.

‘भाषा रुळू दे’

सगळ्यात जास्त वेळ याच वाक्यात जातो, म्हणून इथे थांबायला हवं. हे वाक्य दरवेळी चुकीचं नसतं. ज्या मुलाला नवी भाषा खरोखरच येत नाही ते मूल वाचनात मागे राहणारच, आणि त्याला डिस्लेक्सिया म्हणणंही अन्याय. दोन्ही देशांचे कायदेही हेच म्हणतात: अमेरिकेत केवळ इंग्रजी कमी येतं म्हणून मुलाला अध्ययन अक्षम ठरवता येत नाही, इंग्लंडमध्ये घरची भाषा वेगळी एवढ्यानंच विशेष गरज ठरत नाही. पण याचा उलटा अर्थ काढून, घरची भाषा वेगळी म्हणजे डिस्लेक्सिया असूच शकत नाही, असं धरलं जातं. अडचण तिथे आहे.

फरक कसा दाखवायचा? एक साधी गोष्ट करता येते. मुलाला त्याच्या वयाचा इंग्रजी उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि प्रश्न विचारा. मग तसाच दुसरा त्याला वाचायला देऊन विचारा. दोन्हीकडे उत्तरं येत नसतील तर भाषेचा भाग मोठा आहे. ऐकून सगळं समजतं आणि वाचून काहीच हाती लागत नाही, तर अडचण वाचनात आहे. माझ्या मुलीनं ऐकलेल्या गोष्टीतल्या कोल्ह्याचा डाव मला समजावून सांगितला होता, आणि तेवढ्याच लांबीच्या दुसऱ्या गोष्टीतला प्राणी कुठला होता ते तिला सांगता आलं नाही. ही चाचणी नव्हे, पण शाळेच्या भेटीत सांगायला भक्कम उदाहरण आहे.

दुसरा पुरावा मातृभाषेतला. इथे एक फसवा कोपरा आहे. देवनागरी बरीचशी लिहिल्यासारखी वाचली जाते, त्यामुळे आपलं मूल मराठी अडखळत का होईना, बरोबर वाचतं आणि आपण निर्धास्त होतो. अशा लिप्यांमध्ये डिस्लेक्सिया चुकांपेक्षा संथपणातून दिसतो: जोडाक्षरापाशी थांबणं, मात्रा गळणं, पहिल्या ओळीत वाचलेला शब्द तिसऱ्या ओळीत पुन्हा नव्यानं जुळवणं. इंग्रजीत ‘दो’, ‘थ्रू’, ‘टफ’ या तिन्ही शब्दांच्या शेवटी तीच चार अक्षरं (ough) असतात आणि उच्चार तीन. तिथे हेच मूल कोसळतं. शाळेला वाटतं, परकी भाषा म्हणून. तुमच्याकडचं मराठी वाचनाचं रेकॉर्डिंग आणि श्रुतलेखनाचं पान नेमकं इथे कामाला येतं. परदेशात मराठीत प्रमाणित चाचणी घेणारं कुणी सापडणं कठीण; तुम्ही बरोबर आणलेलंच काय ते.

कुटुंबात आणखी कुणाला हा त्रास असेल तर तेही सांगा. डिस्लेक्सिया घराण्यात उतरतो. आणि त्याच शाळेत, तितक्याच दिवसांत धाकटं भावंड इंग्रजी वाचायला लागलं असेल तर तेही. थोरल्याला आणि धाकट्याला घरी भाषा तीच आहे ना.

शाळा म्हणेल, आम्ही आधी वर्गातच थोडी मदत देऊन बघतो. हरकत नाही, देऊ द्या, पण मूल्यमापन त्यासाठी थांबवू नका. अमेरिकेच्या शिक्षण खात्यानं २०११ साली लेखी सांगितलंय की अशी टप्प्याटप्प्याची मदत चालू आहे या कारणानं मूल्यमापन लांबवता येत नाही. इतर देशांत तारीख मागा: ‘किती आठवडे बघणार, आणि काय झालं नाही तर पुढे जाणार?’

भेटीच्या दिवशी

एकट्यानं जाऊ नका. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं लिहायचं. भाषेचा अडसर वाटत असेल तर दुभाषा मागा, आणि मुलालाच दुभाषा करू नका. त्याच्याविषयीचं सगळं त्याच्याच तोंडून वदवून घेणं क्रूर आहे.

योजनेत काय लिहिलंय याकडे बघा. ‘वर्गात योग्य तो आधार दिला जाईल’ हे वाक्य कुणालाच बांधत नाही. ‘सोमवार, बुधवार, शुक्रवार २५ मिनिटं, तीन मुलांच्या गटात, प्रशिक्षित शिक्षिकेकडून ध्वनिआधारित वाचन, डिसेंबरमध्ये वाचनाची चाचणी’ हे बांधतं. आमच्या पहिल्या योजनेत फक्त सवलती होत्या: जादा वेळ, पुढच्या बाकावर जागा, मोठा फॉन्ट. सवलतींनी मूल वर्गात टिकतं, पण वाचायला शिकत नाही. शिकवणी वेगळी मागावी लागते. कुणी रंगीत काचा किंवा डोळ्यांचे व्यायाम सुचवले तर पैसे घालवू नका. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं नेत्रतज्ज्ञांसह २००९ मध्येच त्यांना शास्त्रीय आधार नसल्याचं सांगितलंय.

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी ईमेल: ‘आज असं असं ठरलं असं मी समजते, काही चुकलं असल्यास कळवावं.’

भेटीत कुणीतरी हमखास म्हणतं, घरीही इंग्रजीच बोला. मान हलवा आणि घरी मराठीच बोला. दोन भाषांमुळे डिस्लेक्सिया होत नाही, आणि मुलाचा शब्दसाठा ज्या भाषेत समृद्ध आहे ती काढून घेऊन काहीच मिळत नाही. वाचनाचा ताण कमी करायला फोन आणि कॉम्प्युटरमधली मोठ्यानं वाचून दाखवणारी सोय आणि बोलून लिहिण्याची सोय वापरा. ‘इमर्सिव्ह रीडर’ हे मजकूर वाचून दाखवणारं साधन बऱ्याच शाळांच्या कॉम्प्युटरवर आधीच असतं, कुणी सुरू केलेलं नसतं एवढंच.

नकार आला तर

इंग्लंडमध्ये प्रत्येक कौन्सिलच्या भागात ‘सेंडिआस’ ही मोफत सल्ला सेवा असते. आधी तिथे फोन करा. ईएचसी मूल्यमापन नाकारलं तर न्यायाधिकरणात अपील करता येतं. अमेरिकेत शाळेचं मूल्यमापन पटलं नाही तर शाळेच्या खर्चानं स्वतंत्र मूल्यमापन मागता येतं, मध्यस्थी मागता येते, राज्याकडे तक्रार करता येते. खासगी मूल्यमापन स्वतःच्या पैशानं करायचं झालं तर आधी शाळेला विचारा, कुणाचा रिपोर्ट मान्य कराल. इंग्लंडमध्ये ते नोंदणीकृत शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ किंवा असेसमेंटचं प्रमाणपत्र असलेले विशेष शिक्षक करतात. सरकारी आरोग्यसेवेत डिस्लेक्सियाचं निदान होत नाही, डॉक्टरकडे खेपा घालू नका.

परीक्षेच्या सवलती

या आपोआप मिळत नाहीत, आणि जुन्या रिपोर्टवरही नाहीत. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षीच्या परीक्षांसाठी जादा वेळ हवा असेल तर त्यासाठीचं मूल्यमापन तिथल्या नववीच्या (इयर ९) आधी झालेलं चालत नाही, ते शाळेनं ठरवलेल्या तज्ज्ञानं करावं लागतं, आणि मूल एरवीही वर्गात तसंच काम करतं हे दाखवावं लागतं. बाहेर परस्पर केलेलं मूल्यमापन शाळा नाकारू शकते. म्हणून तिथल्या आठवीच्या (इयर ८) शेवटी सेन्कोला ईमेल: तपासणी केव्हा, कोण करणार, पुरावा काय लागेल.

तो पुरावा गोळा करण्याची एक साधी रीत माझ्या मुलीच्या शाळेत आहे. वर्गातल्या परीक्षेत नेहमीची वेळ संपली की मूल पेन बदलतं. मुलीचा मागच्या सत्रातला इतिहासाचा पेपर माझ्या फाइलमध्ये आहे. पहिला प्रश्न निळ्या शाईत, दुसऱ्याची दीड ओळ निळ्यात. तिथून खाली, पानाच्या तळापर्यंत आणि मागच्या बाजूला, सगळं हिरवं.